मोटारीला माफी, बसला भाडेवाढ

१४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेश नाक्यांवर मोटारींसह हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. मोटारवाल्याचे एका खेपेचे ४५ रुपये वाचले. पुढे मे २०२५ मध्ये बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. हे दोन निर्णय शेजारी ठेवून वाचले पाहिजेत, असे आम्हाला वाटते.

गेलेला टोल चांगला होता, असे आमचे म्हणणे नाही. तो उड्डाणपुलांचा खर्च वसूल करण्यासाठी होता. पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर जेवढा, तेवढाच सकाळच्या कोंडीत. अशा टोलने गर्दी कशी हटणार? पण टोल वाईट होता म्हणून टोलची कल्पनाच वाईट ठरत नाही.

सिंगापूरने १९७५ मध्ये गर्दीच्या वेळी शहराच्या मध्यभागात येणाऱ्या मोटारींवर आकार बसवला; १९९८ पासून तो वेळेनुसार आणि रस्त्यानुसार बदलणारा झाला. स्टॉकहोमने २००६ मध्ये आधी सात महिने प्रयोग केला. वाहतूक सुमारे २० टक्के घटली. मग जनमत घेतले आणि २००७ मध्ये तो कायम केला. लंडनने फेब्रुवारी २००३ मध्ये ५ पौंड आकार सुरू केला. बसला माफी, अपंगांना सवलत. आणि निव्वळ उत्पन्न वाहतुकीवरच खर्च करण्याचे बंधन कायद्यानेच घातले. जानेवारी २०२५ पासून न्यूयॉर्कमध्येही असा टोल आहे. कमी उत्पन्नाच्या चालकांना तेथे सवलत आहे आणि पैसा भुयारी रेल्वे व बससाठी जातो.

काही मित्र विचारतात, पैसेवाला टोल भरून मोकळ्या रस्त्याने जाईल, गरिबाचे काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर पैसा कुठे जातो यात आहे. तो पुन्हा उड्डाणपुलात गेला, तर टोल म्हणजे श्रीमंतांची सोय. बसमध्ये गेला, तर मोकळा रस्ता प्रथम बसप्रवाशाचा.

प्रदूषणमुक्त हवा हा कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुभाष कुमार खटल्यात सांगितले. प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी, हे तत्त्व १९९६ च्या वेल्लोर खटल्यात मान्य झाले. मग महामार्गालगतच्या वस्त्यांनी धूर का गिळायचा? आणि बसच्या रांगेत उभ्या असलेल्या कामगार बाईने दुप्पट भाडे का भरायचे?

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. उद्या मुंबईत गर्दीचा टोल आणायचा असेल, तर आधी बस वाढवा. दर वेळेनुसार ठेवा. बस, रुग्णवाहिका आणि अपंगांची वाहने वगळा. टेम्पोवर पोट असणाऱ्यांना सवलत द्या. जमा झालेला प्रत्येक रुपया बसवरच खर्च होईल, हे कायद्यात लिहा. मंत्र्यांचे आश्वासन न्यायालयात टिकत नाही. कायद्यातले कलम टिकते. त्या कलमासाठी आपल्याला लढावे लागेल.