बार्शी लाईट, सत्त्याऐंशी पटींनी लहान

गेल्या पावसाळ्यात एका निवृत्त शिक्षकांनी मला एक साधा प्रश्न विचारला आणि माझी चांगलीच पंचाईत झाली. प्रश्न असा होता : "बार्शी लाईटच्या डब्यात चढायला पायऱ्या किती होत्या?"

मी बार्शीकडचा. 'बार्शी तेथे सरशी' हे ऐकतच वाढलो. कुर्डुवाडीहून एकीकडे लातूरला आणि दुसरीकडे पंढरपूर-मिरजेला जाणारी ती छोटी गाडी म्हणजे आमचे बालपण. तिच्यावर मी कविता लिहिल्या, संमेलनांत वाचल्या, टाळ्याही घेतल्या. त्या कवितांत धूर होता, शिट्टी होती, निरोपाचे हलणारे हात होते. पायऱ्या मात्र नव्हत्या. त्या मला आठवतच नव्हत्या.

गुरुजी ही चौकशी गंमत म्हणून करत नव्हते. ते घरच्या माळ्यावर बार्शी लाईटचे मॉडेल बनवत होते. "महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही चार-सहा जण जमतो. या एकदा," असे म्हणून त्यांनी मला बोलावले. मी गेलो. मोठ्या माणसांचा पोरखेळ पाहायला मिळेल अशी माझी समजूत होती.

तिथे एक अलिखित नियम दिसला. प्रत्येकाने हातात असलेले काम आणायचे, मग ते कितीही अर्धवट असो. एकाने बूट ठेवायच्या खोक्यातून रंग न दिलेला पूल आणला होता. एकाच्या डब्याला छप्परच नव्हते. एका इंजिनियर मुलीने स्टेशनातली घंटा केली होती, तांदळाच्या दाण्याएवढी. "पूर्ण कधी होणार?" असे कोणीही कोणाला विचारत नव्हते. "हे कशाचे केले?" आणि "हे असेच होते का?" एवढे दोनच प्रश्न चालले होते.

पहिल्या प्रश्नाची उत्तरे मजेशीर होती. जमीन चहाच्या वाळवलेल्या चोथ्याची, गवत रंगवलेल्या लाकडी भुशाचे, कुंपणाचे खांब आगकाड्यांचे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र अवघड असते. ते का, हे समजायला या छंदाचे गणित थोडे समजून घ्यावे लागेल.

जगात सर्वाधिक प्रचलित असलेल्या मापाला 'एचओ' म्हणतात. त्यात प्रत्येक वस्तू मूळच्या सत्त्याऐंशी पटींनी लहान असते. साडेपाच फुटांचा माणूस जेमतेम १९ मिलिमीटरचा होतो. या मापाचे बाजारात मिळणारे रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे असतात, कारण ते युरोप-अमेरिकेतल्या रुळांवरून बेतलेले आहेत. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. त्याला ८७ ने भागले तर १९ मिलिमीटरहून थोडे जास्तच येतात. म्हणजे आपली गाडी विकतच्या रुळांवर चालवायची तर सुमारे तीन मिलिमीटरची तडजोड आली. बार्शी लाईटचे नशीब मात्र चांगले. तिचे रूळ अडीच फुटांचे, म्हणजे ७६२ मिलिमीटर. भागाकार येतो पावणेनऊ, आणि 'एन' नावाच्या आणखी लहान मापाचे तयार रूळ नऊ मिलिमीटरचे मिळतात. त्यामुळे गुरुजींनी एन मापाच्या इंजिनाची चाके आणि मोटर घेतली आणि वरचे धूड प्लॅस्टिकचे पत्रे कापून स्वतः केले. रुळांतून बारा व्होल्टपर्यंतचा प्रवाह सोडला की गाडी चालते. प्रवाह कमी-जास्त केला की वेग बदलतो आणि उलटा केला की गाडी मागे येते.

कुर्डुवाडी ते बार्शी हे अंतर सत्त्याऐंशी पटींनी कमी केले तरी जवळजवळ चारशे मीटर भरते. एवढा माळा कोणाकडे असणार? म्हणून निवड करावी लागते. एक स्टेशन, एक ओढा, एक वळण. कवितेतही आम्ही हेच करतो. फरक एवढाच की कवीला जे आठवत नाही ते तो गाळून पुढे जातो, आणि वाचकाला त्याचा पत्ता लागत नाही. इथे डब्याला पायऱ्या लावायच्या तर त्या किती हे माहीत असावेच लागते. तिथे उपमा चालत नाही.

ही गाडी साधीसुधी नव्हती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरने ती आखली आणि १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी हा पहिला टप्पा सुरू झाला. कुर्डुवाडीला तेव्हा बार्शी रोड म्हणत. हलक्या रुळांवरून जास्त माल न्यायचा तर वजन सगळ्या आसांवर सारखे वाटले पाहिजे, हा त्याचा हिशेब. दर आसावर पाच टन, इंजिन असो की वाघीण. सामान हिंदुस्थानात पाठवण्यापूर्वी त्याने लीड्सजवळ मुद्दाम रूळ टाकून त्याची चाचणी घेतली होती. पुढे १९११ साली ही लाइन लातूरला आणि १९२७ साली मिरजेला पोहोचली. १९५४ साली सरकारने ती ताब्यात घेतली. २००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाला आणि छोटी गाडी संपली. ब्रॉडगेज हवाच होता, त्याबद्दल तक्रार नाही.

याच कॅलथ्रॉपने नंतर इंग्लंडात स्टॅफर्डशायर परगण्यात 'लीक अँड मॅनिफोल्ड' नावाची लाइन बांधली. तीही अडीच फुटी. इंजिने बार्शीच्या पहिल्या इंजिनांप्रमाणेच लीड्सच्या किटसन कारखान्यातली, आणि पुढे हिंदुस्थानी थाटाचा भलामोठा दिवा. म्हणजे आमच्या बार्शीची ही धाकटी बहीण. ती १९०४ साली सुरू झाली आणि १९३४ साली बंद पडली. पुरती तीस वर्षेही चालली नाही. आज तिच्या मार्गावरून लोक पायी आणि सायकलने फिरतात. पण तिचे आराखडे, डब्यांचा फिकट पिवळा रंग, दिव्याचा आकार हे सगळे इंग्रज हौशी मंडळींनी जपून ठेवले आहे. तिची मॉडेल्स आजही बनतात. थोरली बहीण शंभरावर वर्षे चालली, पण तिच्या पायऱ्या किती हे सांगायला माणूस शोधावा लागतो.

अर्धवट काम दाखवण्याचे महत्त्व मला अमेरिकेतल्या एका गोष्टीवरून पटले. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे गावी जॉन अ‍ॅलन नावाचे गृहस्थ होते. घराच्या तळघरात त्यांनी डोंगरदऱ्यांसह एक अफाट रेल्वे उभारली होती. ती घडत असतानाच ते तिची छायाचित्रे काढत आणि मासिकांतून लेख लिहीत. १९७३ च्या जानेवारीत ते वारले आणि काही दिवसांतच आग लागून ती रेल्वे जवळपास सगळी नष्ट झाली. तरी जगभरचे छांदिष्ट आजही ती ओळखतात, कारण ती वेळोवेळी इतरांना दाखवलेली होती.

आपल्याकडेही ही परंपरा अगदीच नाही असे नाही. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांना पाहता येते. तिथे मुले काचेला नाक लावून उभी असतात, आणि त्यांचे आजोबाही.

पायऱ्यांचा प्रश्न घेऊन मी शेवटी अम्मीकडे गेलो. ती आता ऐंशीच्या पुढे आहे. सकाळी काय जेवली ते विसरते. मी विचारताच म्हणाली, "दोन. खालची फार उंच होती. तू कडेवर असायचास. तुझे अब्बा आधी चढायचे, तुला घ्यायचे आणि मग मला हात द्यायचे."

पुढच्या बैठकीला मी ऐटीत "दोन" असे सांगितले. तिथे बसलेले एक निवृत्त गँगमन काका म्हणाले, "छे, छे! तीन." दोघेही खरे असतील, डबे वेगवेगळ्या काळातले असतील. गुरुजींनी दोन्ही आकडे वहीत लिहून घेतले, समोर दोघांची नावे घातली आणि डबा पायऱ्यांविनाच खोक्यात परत ठेवला. ते आता जुना फोटो शोधताहेत.

आपल्यापैकी कोणाच्या घरी ट्रंकेत एखादा फोटो असेल. वारीला निघालेली आजी, सासरी निघालेली आत्या, आणि मागे चुकून आलेला डब्याचा कोपरा. तो एकदा नीट पाहा. माणसे तर आपण पाहतोच, या वेळी मागचा डबाही पाहा. पायऱ्या मोजा आणि फोटोच्या पाठीमागे गाव नि साल लिहून ठेवा. घरात कोणी सांगणारे असेल तर आजच विचारा. अम्मीला मी हा प्रश्न पन्नाशी उलटल्यावर विचारला. आणखी थोडा उशीर झाला असता तर दोन आणि तीन यांतला वादही उरला नसता.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)