बर्फातला जॅक आणि गरम पाण्याची पिशवी

२०२३ सालच्या ऑक्टोबरची अखेर होती. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, लेक सुपीरिअरच्या उत्तर काठावर, झाडीतल्या एका मुक्कामाच्या जागी आम्ही पाच माणसे सकाळी आठ वाजता कुडकुडत उभी होतो. चिरंजीव, सूनबाई, चार वर्षांचा नातू, आमची ही आणि मी. पारा शून्याखाली आठ अंशांवर होता आणि दुपारनंतर मोठा बर्फ पडणार असल्याचे हवामानखात्याने सांगितले होते. त्याच्या आत हमरस्ता गाठायचा होता. आणि आमचे फिरते घर जागचे हलायला तयार नव्हते!

हे फिरते घर म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर. आत पलंग, शेगडी, मोरी, सारे काही. फक्त इंजिन नाही. ते मोटारीच्या मागे जोडून ओढायचे. ट्रेलरच्या पुढच्या त्रिकोणी सांगाड्याला तिकडे 'टंग' म्हणजे जीभ म्हणतात. सोडलेल्या बैलगाडीचे जू जमिनीला टेकू नये म्हणून आपण खाली लाकडी टेकू लावतो ना, तसाच या जिभेखाली एक लोखंडी पाय असतो. तोच जॅक. चिरंजीवांचा जॅक विजेवर चाले. बटण दाबले की बारा व्होल्टची मोटर आतला आटे पाडलेला दांडा फिरवते, एका नळीतून दुसरी नळी बाहेर सरकते आणि ट्रेलरचे तोंड वर उठते. ट्रेलरचे वजन पाच हजार पौंड. त्यातले सहाशेएक पौंड, म्हणजे पावणेतीन क्विंटल, या एका पायावर! तोंड उचलल्याशिवाय मोटार जोडता येत नाही.

चिरंजीवांनी बटण दाबले. मोटरने 'घूं' केले आणि ती थांबली. पुन्हा दाबले, पुन्हा 'घूं'. तिसऱ्या खेपेला तोही आवाज बंद. फ्यूज उडाला होता आणि जादा फ्यूज घरी राहिला होता.

मी पुढे झालो. एस. टी.च्या वर्कशॉपमध्ये माझी बत्तीस वर्षे गेली आहेत. पण चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुम्ही आत बसा. गारठ्यात हात नका घालू." काळजीनेच बोलला तो, पण निवृत्त माणसाला 'आत बसा' हे शब्द फार लागतात. मी ऐकले नाही, वाकून पाहिले. आणि पाहताक्षणी माझी मान खाली गेली.

कारण दोष माझाच होता. मे महिन्यात आलो तेव्हा जॅकची नळी मला कोरडीठाक दिसली. पुण्याच्या सवयीने मी तिला डब्यातले घट्ट ग्रीस हाताने चोपडले होते. उन्हाळाभर त्यावर धूळ आणि वाळू बसली. नळी आतबाहेर होताना ती घाण दोन नळ्यांच्या फटीत शिरली, मागून पावसाचे पाणीही शिरले. आता थंडीने ग्रीसचा डांबरासारखा गोळा आणि पाण्याचा बर्फ झाला होता. त्यात रात्रभर गरम हवेचा पंखा बॅटरीवर चाललेला. मीटर लावून पाहिले तर बॅटरी ११.९ व्होल्टवर, म्हणजे दमलेली. दमलेला बैल आणि चिखलात रुतलेले चाक, अशी गत!

"हे ग्रीस माझे आहे," मी चिरंजीवांना सांगून टाकले. तो काही बोलला नाही. हातोडा मात्र त्याने खाली ठेवला.

तेवढ्यात ही दारातून म्हणाली, "अहो, माझी गुडघ्याची पिशवी देऊ का?"

गुडघे शेकायला तिने पुण्याहून रबरी पिशवी आणली होती. सूनबाईंनी गॅसवर पाणी तापवले, पिशवी भरली आणि आम्ही ती जॅकच्या नळीला टॉवेलने बांधली. उकळते पाणी थेट ओतले नाही. ते फटीत शिरून पुन्हा गोठले असते. पाणी दोनदा बदलले. वीस मिनिटांनी ग्रीस ओघळू लागले. मग जॅकच्या डोक्यावरचे रबरी बूच काढून हाताने फिरवायचा दांडा घातला. आळीपाळीने आम्ही बापलेक फिरवत राहिलो. अंगात घाम आणि मिशीवर बर्फ! पाऊण तासाने तोंड वर आले, मोटार जोडली गेली. तरी जॅकचा पाय सुटेना; रात्री ओल्या मातीत टेकलेला तो जमिनीशी गोठला होता. कुदळीने माती फोडली तेव्हा निघाला. घरी पोचलो आणि तासाभरात बर्फ सुरू झाला.

दिवाळी बारा नोव्हेंबरला होती. आपल्याकडे दिवाळीआधी घर झाडतात, तशी त्या शनिवारी आम्ही जॅकची साफसफाई काढली. परदेशी असलेल्या मुलाबाळांना उपयोगी पडेल म्हणून काय केले ते सांगतो.

आधी चाकांना दोन्हीकडून अटकाव लावले. मग नळी पूर्ण बाहेर काढून जुने ग्रीस फडक्याने पुसले, नळी कोरडी केली आणि सिलिकोनचा पातळ फवारा मारला. तो धूळ धरत नाही. बाहेरच्या नळीवर घट्ट ग्रीस लावायचे नाही, हा धडा मी सत्तरीत शिकलो. डोक्यातल्या दंतचक्रांचे ग्रीस निराळे असते. जॅकबरोबरच्या पुस्तिकेत सांगितले असेल तरच ते उघडावे.

नंतर वीज. या जॅकला बहुधा एकच तार दिसते. विजेची परतीची वाट असते ती त्याला सांगाड्यावर बसवणाऱ्या बोल्टांतून. तिथे गंज किंवा रंग असला की जॅक रडतो आणि आपण मोटरला दोष देतो. बोल्ट काढून खालचे लोखंड घासून चकचकीत केले आणि दातेरी वायसर घालून आवळले. तीस अँपिअरचे दोन जादा फ्यूज ट्रेलरच्या खणात ठेवले, शेजारी तो दांडाही.

मग बॅटरी. शिशाची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर शून्याखाली पन्नास अंशांतही गोठत नाही. रिकामी असेल तर सात-आठ अंशांतच गोठून फुटू शकते. म्हणून ती १२.६ व्होल्टपर्यंत भरली, काढून घरात ठेवली आणि महिन्यातून एकदा तपासायचे ठरवले. शेवटी पायाखाली लाकडी फळी सरकवली, नळी जमेल तेवढी आत घेतली आणि डोक्यावर टोपी चढवली. पण खालून हवा खेळेल अशी सैल, नाहीतर आतच दव साचते.

सारे उरकायला दोन तास लागले. हे आधी केले असते तर ती सकाळ टळली असती. थंडी यंत्र बिघडवते असे आपण म्हणतो. खरे तर उन्हाळ्यात केलेली हयगय, आणि माझ्यासारख्याची नको तिथली हौसही, ती उघडी पाडते एवढेच.

काम संपल्यावर चिरंजीव म्हणाले, "बाबा, पुढच्या वर्षी ग्रीसचा डबा लपवून ठेवणार आहे." आम्ही दोघेही खूप हसलो. 'आत बसा' हे शब्द तिथेच विरले.

२०२४ च्या दिवाळीत आम्ही पुण्याला होतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री त्याचा फोन आला. नमस्कार, फराळाची चौकशी झाली आणि मग म्हणाला, "बाबा, जॅक पुसला. बोल्टही घासले. आईला सांगा, खणात एक गरम पाण्याची पिशवीही ठेवली आहे."