उपासमारीतील कारभार

ज्यांस आपण सरसकट शेवाळ म्हणतो, त्या नीलहरित जीवाणूंपैकी सिनेकोसिस्टिस नामक एकाचा संपूर्ण जनुकसंच जपानी संशोधकांनी 1996 साली वाचून काढल्यामुळे, नायट्रोजनाचा दुष्काळ पडला असता या एकपेशीय संस्थानाचा कारभार कसा चालतो, हे पुष्कळ अंशी उलगडले आहे. नायट्रोजन तुटताच पेशीत 2-ऑक्सोग्लुटारेट साचू लागते, त्याची वर्दी ‘एनटीसीए’ या नियंत्रक प्रथिनास पोहोचते, आणि त्याच्या हुकमाने जागृत झालेल्या जनुकांपासून ‘एनबीएलए’ नावाचे चिमुकले प्रथिन घडून, ते प्रकाश टिपणाऱ्या निळ्या प्रथिनांचे मनोरे विघटनाच्या हवाली करते. पेशीतील विद्राव्य प्रथिनांचा निम्म्यापर्यंत ऐवज या मनोऱ्यांत गुंतलेला असतो. तेव्हा घरचेच वासे काढून चूल पेटवण्याचा हा प्रकार वाटतो तितका अविचारी नव्हे. निळाई ओसरून पेशी पिवळी पडते, ग्लायकोजेनाची शिल्लक मात्र राखून ठेवते, आणि अशा सुप्तावस्थेत महिनोन्‌महिने तग धरते.

पुढे नायट्रेट मिळाले की ती प्रकाशाकडे धाव घेत नाही. मला मौज वाटते ती या क्रमाची: प्रथम ग्लायकोजेन जाळून प्रथिने घडवणारे रायबोसोम दुरुस्त होतात, प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा त्यानंतर उभी राहते, आणि सुमारे 48 तासांत पेशी पुन्हा हिरवी होऊन विभाजनास लागते.