हाक आणि ओ : 'पिंग'ने नेट कसं तपासायचं

मागच्या भागात आपण राउटर म्हणजे काय ते पाहिलं. आज मेहकरच्या मंडळींचा प्रश्न घेऊ: "नेट गेलं" म्हणजे नेमकं काय गेलं? प्रश्न साधा वाटतो, पण जुलैअखेर कुठल्याही सेवा केंद्रात डोकावून बघा. पीकविम्याची मुदत संपत आलेली, दाराशी रांग, कुणी डोणगावहून आलेलं, कुणी जानेफळहून. आतून आवाज येतो, "नेट नाही भाऊ, उद्या या." उद्या म्हणजे मजुरी बुडवून पुन्हा एक खेप. दोष केंद्रातल्याच सुटलेल्या वायरचा असेल तर तो पाच मिनिटांत निघतो. दोष तिकडच्या सर्व्हरचा असेल तर शेजारच्या केंद्रातही तीच गत, आणि धावपळ करून उपयोग नाही. रांगेतल्या माणसाला थांबा म्हणायचं की परत जा, हे यावरच ठरतं.

यासाठी संगणकात एक जुनी आज्ञा आहे, पिंग. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट, लिनक्समध्ये टर्मिनल उघडायचं, इंग्रजी अक्षरांत पी-आय-एन-जी लिहायचं, जागा सोडून पत्ता द्यायचा आणि एंटर मारायचं. होतं काय? आपलं यंत्र समोरच्याला एक छोटी हाक मारतं. समोरचं यंत्र जागं असेल आणि वाट मोकळी असेल, तर ते ओ देतं. हाक ते ओ किती वेळ लागला, तो मिलिसेकंदांत पडद्यावर दिसतो. बस्स, एवढंच.

ही हाक-ओची रीत आयसीएमपी नावाच्या नियमावलीत १९८१ साली ठरली. पिंग हा प्रोग्रॅम मात्र माइक मूस यांनी डिसेंबर १९८३मध्ये अमेरिकेच्या लष्करी प्रयोगशाळेत लिहिला. नेटवर्क बिघडलं होतं म्हणून एका संध्याकाळी लिहून काढला. गंमत म्हणजे तो चालवायच्या आतच बिघाड दुरुस्त झाला होता! नाव ठेवलं पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून.

आता हाक कुणाला मारायची? इथेच लोक घाई करतात, थेट लांबच्या साइटला पिंग करतात. आपण घरापासून सुरुवात करू. १२७.०.०.१ हा पत्ता म्हणजे आपणच. इथून ओ आली नाही तर दोष संगणकातच, बाहेर कुणाला फोन करू नका. मग राउटर. 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा दिली की 'डिफॉल्ट गेटवे'समोर त्याचा पत्ता दिसतो, बहुतेकदा १९२.१६८.१.१ असा. तो बोलला की वायर, वायफाय ठीक. पुढची हाक शिवारापलीकडे, ८.८.८.८ला. हा गूगलचा सार्वजनिक पत्ता, सहसा ओ देतो. राउटर बोलतो पण हा गप्प, तर लाइन बाहेर तुटलेली असण्याची शक्यता मोठी. कुठे रस्त्याचं काम चालू असेल तर जेसीबीवर संशय घ्यायला हरकत नाही. आणि ८.८.८.८ बोलतो पण नावाने हाक मारली की "होस्ट सापडला नाही" असा संदेश येतो, तर लाइन ठीक आहे, नावाचा पत्ता शोधून देणारी डीएनएस सेवा अडली आहे. "नेट गेलं" म्हणून ओरड होते, त्यातला काही भाग या डीएनएसचाच असतो.

एक फसवी जागा सांगतो. विंडोजवर कधी "डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल" असं येतं, पण शेवटच्या हिशेबात तोटा शून्य टक्के दाखवतात. लोक खूश होतात. वास्तविक ते उत्तर समोरच्याचं नसतंच. आपलाच संगणक किंवा वाटेतला राउटर "तिकडे जाता येत नाही" म्हणतोय, आणि विंडोज तेही उत्तर म्हणून मोजतं. म्हणून ओ कुणाच्या पत्त्यावरून आली, ते आधी वाचा.

दुसरं उलटं. अनेक सरकारी आणि बँकांचे सर्व्हर पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत. सुरक्षेसाठी हाक दारातच अडवतात. साइट ब्राउझरमध्ये उघडते आणि पिंग मात्र गप्प, असं होतं. म्हणून विम्याचं पोर्टल ओ देत नाही एवढ्यावरून ते बंद आहे, असं रांगेला सांगू नये. आधी ब्राउझरमध्ये उघडून पाहावं, मग शेजारच्या केंद्राला विचारावं.

वेळेचं काय? काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मेहकर ते मुंबई ५०० किलोमीटर धरा, जाऊन-येऊन १०००. म्हणजे ५ मिलिसेकंद तर लागणारच, कितीही महागडा प्लॅन घ्या. प्रत्यक्षात तार सरळ जात नाही, वाटेत यंत्रं असतात, म्हणून ३०-४० दिसले तरी ठीक. ६००, मग ४०, मग ९०० असे आकडे उड्या मारू लागले, तर लाइनवर गर्दी आहे किंवा वायफाय कमजोर आहे. दोन्हींत फरक करायचा तर राउटरला पुन्हा पिंग करा: तिथेही उड्या असतील तर वायफायच.

विंडोज फक्त ४ हाका मारतं. तेवढ्यावर निदान करू नका. आज्ञेपुढे 'मायनस एन १००' जोडलं की १०० हाका जातात. लिनक्सवर त्याच जागी 'मायनस सी'. नाही जोडलं तर कंट्रोल-सी दाबेपर्यंत ते थांबत नाही. लाइनवाल्याकडे तक्रार करताना "नेट हळू आहे" एवढंच लिहू नका. तारीख, वेळ, राउटरकडे १००पैकी किती ओ आल्या आणि ८.८.८.८कडे किती, एवढं लिहा. पहिला आकडा पूर्ण आणि दुसरा ६० असेल, तर "तुमचा संगणक बंद करून चालू करा" हे उत्तर त्यांना देता येत नाही.