कार्ब्युरेटरची रचना आणि थ्रॉटल प्रतिसाद

थ्रॉटल उघडल्यावर इंजिनाची गती किती लवकर व किती सुरळीत वाढते, यास थ्रॉटल प्रतिसाद म्हणतात. कार्ब्युरेटर असलेल्या दुचाकींत व स्पोर्ट एटीव्ही वाहनांत तो बऱ्याच अंशी कार्ब्युरेटरच्या रचनेवर अवलंबून असतो.

कार्यतत्त्व

कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून जाताना हवेचा वेग वाढतो व दाब घटतो. त्यामुळे जेटमधून पेट्रोल ओढले जाते. थ्रॉटल एकदम उघडल्यास गळ्यातील हवेचा वेग क्षणभर मंदावतो, पेट्रोल अपुरे पडते व इंजिन अडखळते.

प्रकार

साध्या प्रकारात केबल थेट स्लाइड उचलते. प्रतिसाद तत्काळ मिळतो, परंतु अडखळण्याचा धोकाही अधिक असतो. त्यावर उपाय म्हणून काही कार्ब्युरेटरांत जादा पेट्रोल फवारणारा पंप असतो. २००४ च्या यामाहा वायएफझेड४५० या एटीव्हीत केइहिन कंपनीचा असा ३९ मिमी कार्ब्युरेटर होता.

सीव्ही प्रकारात केबल केवळ चकतीसारखी झडप उघडते. स्लाइड मात्र इंजिनाच्या शोषणाने, रबरी पडद्याच्या साहाय्याने, गरजेपुरती उचलली जाते. प्रतिसाद किंचित सौम्य, पण सुरळीत असतो.

हवामान

१५° से. च्या तुलनेत ४५° से. तापमानाची हवा सुमारे ९ टक्के कमी घन असते. त्यामुळे नागपूरच्या उन्हाळ्यात त्याच जेटवर मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढून प्रतिसाद मंदावू शकतो. कार्ब्युरेटर हा फरक स्वतः ओळखत नाही. इंधन अंतःक्षेपण प्रणाली संवेदकांद्वारे तो भरून काढते.

महाराष्ट्रातील स्थित्यंतर

पुण्याच्या बजाज ऑटोने पल्सर २२० ही मोटारसायकल २००७ मध्ये इंधन अंतःक्षेपणासह आणली. २००९ मध्ये तिला पुन्हा कार्ब्युरेटर दिला. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ उत्सर्जन मानके लागू झाल्यावर नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला.