उघडं दार

राळेगावसारख्या तालुक्याच्या गावात कुणाचंच एकट्याने भागत नाही. एखाद्याच्या दुकानात उधारी असते, दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला जावं लागतं, तिसऱ्याच्या शब्दावर कागद पुढे सरकतो. अशा गावात ख्रिस्ती घरं मोजकीच असली, की वजनदार माणसाचा साधा प्रश्नही जड होतो: ‘अजून चर्चात जाता का?’ तेव्हा मला पंडिता रमाबाईंची १८८३ ते १८९७ ही चौदा वर्षं आठवतात. या काळात त्यांच्यावर तीन बाजूंनी दडपण आलं, आणि तिन्ही वेळा समोर मोठी माणसं होती.

पहिलं दडपण आपल्याच मंडळीतलं होतं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेजला रमाबाईंनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. वय पंचवीस, पती वारलेले, मुलूख परका, आणि आधार तिथल्या सिस्टरांचा. तरी त्रैक्याबद्दल आणि चर्चच्या अधिकाराबद्दलचे प्रश्न त्यांनी गिळले नाहीत. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असंही त्यांनी विचारलं. आईच्या मायेने सांभाळणाऱ्या सिस्टर जेराल्डिन यांना यात गर्व दिसला. इंग्लंडमधल्याच चेल्टनमला रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं अशी गोष्ट निघाली, तेव्हा लाहोर आणि मुंबईच्या बिशपांनी विरोध केला. ख्रिस्त आपला, पण देवाने दिलेली विवेकबुद्धी धर्माधिकाऱ्यांच्या हवाली करणार नाही, ही रमाबाईंची भूमिका होती. विश्वास आणि ताबेदारी यांतला फरक त्यांनी तिथेच ओळखला.

दुसरं दडपण पुण्याचं. ११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत उघडलेलं शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्याला आलं. तिथे बालविधवांना शिकवायचं, पण धर्म शिकवायचा नाही, असं ठरलं होतं. मुलींना आपले आचार पाळायची मोकळीक होती. रमाबाई मात्र स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत, आणि त्या खोलीचं दार उघडं असे. मुली येऊन बसू लागल्या. टिळकांच्या ‘केसरी’ने कडाडून टीका केली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे पाठीराखे सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि पालकांनी पंचवीसेक मुली काढून नेल्या.

पालकांची धास्ती बिनबुडाची नव्हती. त्यांनी शब्दावर भरवसा ठेवून मुली सोपवल्या होत्या, आणि काहींचं मन ख्रिस्ताकडे ओढलं जात होतं. दार लोटून घेतलं असतं तर संस्था कदाचित शाबूत राहिली असती. पण दानीएलाने राजाचा हुकूम निघाल्यावरही खिडकी बंद केली नव्हती. रमाबाईंनी कुणाला हात धरून आत ओढलं नाही, आणि आलेल्याला बाहेरही घालवलं नाही. कुणावर बळजोरी करायची नाही आणि स्वतःचा विश्वासही झाकायचा नाही, ही वाट अरुंद होती.

तिसरं दडपण सरकारचं. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला. सरकारी इस्पितळात बायकांची कशी आबाळ होते, हे रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रात उघड लिहिलं. प्रश्न ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेला. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप निराधार ठरवले. राज्यकर्ते ख्रिस्ती होते, आपणही ख्रिस्ती, तेव्हा गप्प बसावं, हा हिशेब रमाबाईंनी केला नाही. मला सगळ्यांत मोठी कसोटी हीच वाटते. विरोधकाला तोंड देणं एक वेळ जमतं; आपल्या धर्माच्या सत्ताधाऱ्याला खरं सुनावणं अवघड.

त्याच सुमारास मध्य प्रांतात, म्हणजे आपल्या वऱ्हाडाच्या शेजारी, दुष्काळ पडला होता. रमाबाईंचे आईवडील दुष्काळातच गेले होते. भूक त्यांना ठाऊक होती. त्यांनी तिकडे जाऊन उपाशी मुली-बायकांना शेकड्यांनी आणलं आणि केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. शारदा सदनातून पंचवीसेक मुली नेल्या गेल्या होत्या, पण १९०० च्या सुमारास केडगावला दोनेक हजार जणी राहत होत्या. पुढे रमाबाई हिब्रू-ग्रीक शिकल्या आणि साध्या बाईला कळेल अशा मराठीत बायबल उतरवण्यात त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षं घातली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या.

ज्या सिस्टर जेराल्डिन यांनी त्यांना गर्विष्ठ म्हटलं, त्यांनीच रमाबाईंची पत्रं जपून ठेवली. ती १९७७ मध्ये पुस्तकरूपाने आली, म्हणून हा सगळा वाद आज आपल्याला वाचता येतो. ठाम राहूनही रमाबाईंनी माणूस तोडला नव्हता.

राळेगावात कुणी विचारलं, तर आवाज न चढवता सांगावं: ‘हो, जातो.’ आणि त्याच माणसाच्या घरी दुखणं आलं, तर सगळ्यांत आधी आपण पोचावं.