परक्याचा माल, आपला कारखाना

गिऱ्हाइकाच्या नमुन्याबरहुकूम मजुरीने माल करून देणे हा धंदा आपल्या सभासद बंधूंस अपरिचित नाही. कुंडई, मडकई, बेतोडा येथील औद्योगिक वसाहतींत ‘जॉबवर्क’ हा शब्द नित्याचाच आहे. हाच धंदा संगणकाच्या चिपांच्या बाबतीत केवढे साहस ठरतो, हे अमेरिकेतील इंटेल कंपनीच्या उदाहरणावरून आपण पाहू.

१९६८ साली स्थापन झालेली इंटेल चिपांची रचनाही स्वतः करी आणि त्या घडवीही स्वतःच. उलट, १९८७ साली मॉरिस चँग यांनी तैवानात टीएसएमसी कंपनी काढली, ती स्वतःच्या नावाची एकही चिप न विकता केवळ इतरांच्या चिपा घडवून देण्यासाठी. कालांतराने सूक्ष्म घडणीत तैवान पुढे गेले. शिवाय अद्ययावत कारखान्याचा खर्च इतका वाढला की, तो केवळ घरच्या मालावर भागविणे कठीण झाले. म्हणून २३ मार्च २०२१ रोजी इंटेलचे प्रमुख पॅट गेल्सिंगर यांनी इतरांचा मालही मोठ्या प्रमाणावर घडविण्याचे जाहीर केले आणि ॲरिझोनात २,००० कोटी डॉलरांचे दोन कारखाने योजिले.

यात धोका दुहेरी होता. भांडवल आधी घालावयाचे, गिऱ्हाईक मागाहून शोधावयाचे. आणि यंत्र रिकामे राहिले तरी घसारा थांबत नाही. दुसरे असे की, ज्यांनी माल द्यावयाचा त्यांतले कित्येक बाजारातले प्रतिस्पर्धीच! आपले गुप्त आराखडे त्यांनी कोणत्या भरवशावर इंटेलच्या हाती द्यावेत?

परिणाम कठोर झाला. या विभागास २०२३ साली सुमारे ७०० कोटी, तर २०२४ साली १,३०० कोटी डॉलरांहून अधिक तोटा आला. डिसेंबर २०२४ मध्ये गेल्सिंगर पायउतार झाले. मोठे गिऱ्हाईक न मिळाल्यास पुढील पिढीच्या घडणीचे काम थांबवावे लागेल, असे जुलै २०२५ मध्ये कंपनीनेच सांगितले. ऑगस्टमध्ये अमेरिकन सरकारने तिचा सुमारे दहा टक्के हिस्सा घेतला.

हा विषय आता आपल्या देशातही आला आहे. धोलेरा येथे टाटांच्या अशाच कारखान्याची पायाभरणी १३ मार्च २०२४ रोजी झाली. तेथेही कसोटी हीच राहील. यंत्रे पैशाने मिळतात. परंतु परक्याने आपली विद्या निर्धास्तपणे सोपवावी, अशी पत वेळेवर व निर्दोष दिलेल्या मालातूनच, वर्षानुवर्षे, उभी राहते. अचौर्यव्रताचा संस्कार लाभलेल्या आपल्या समाजास हे वेगळे सांगावयास नकोच.